गच्चीची किल्ली: चाळीपासून मुरबाडच्या अपार्टमेंटपर्यंत

(मुरबाड येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय फळ्यावर लिहून होतो न होतो तोच पहिल्या रांगेतून प्रश्न आला, "सर, मुरबाडला येऊन गच्चीवर काय बोलणार? इथे रान कमी आहे का?" प्रश्न रास्त आहे. गच्ची हा मुंबईचा विषय. जागा नाही म्हणून माणसं छपरावर गेली, असं आपण समजतो. पण आज येताना आम्ही कल्याणकडून आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार, पाच-पाच मजली इमारती उभ्या राहताहेत. त्यांच्या डोक्यावर काळ्या टाक्या आहेत आणि बऱ्याच ठिकाणी निळे-हिरवे पत्रे. ते पत्रे पाहून ठरवलं की हा विषय इथेच मांडायचा.

आधी आपल्या छपराबद्दल बोलू. मुरबाड-शहापूरकडे छपरावर बसायची चालच नव्हती, कारण बसणार कुठे? कारवीचा कूड, त्याला शेणामातीचा गिलावा, वर पेंढा किंवा नळीची कौलं आणि पुढे ऐपत आली तशी मंगळुरी कौलं. छप्पर उतरतं. अडीच हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस जिथे पडतो तिथे छपराचं काम एकच, पाणी झटकून टाकणं. वर चढायचा तो पावसाआधी घर शाकारणारा, नाहीतर माकडं. बसणं, खेळणं, नाचणं, गप्पा मारणं हे सगळं जमिनीवर चालायचं. ओटी होती, अंगण होतं. भाताची कापणी झाली की सारवलेलं खळं, झोडणी संपली की त्याच खळ्यावर पोरांचा धुडगूस. गौरीचे नाच अंगणात आणि भजन देवळापुढच्या पटांगणात. आज आपण ज्याला 'रिक्रिएशन' म्हणतो त्याला वेगळी जागा लागत नव्हती. कामाचीच जागा काम संपलं की मोकळी व्हायची.

आता याच रस्त्याने पुढे जा. माळशेज चढा आणि नगर, बीड, सोलापूरच्या बाजूला उतरत चला. पाऊस घटत जातो आणि छप्पर सपाट होत जातं. तिकडे धाब्याची घरं आणि माळवदं. जाड लाकडाच्या तुळयांवर मातीचा थर. उन्हाळ्यात सगळं घर माळवदावर झोपतं, तिथेच धान्य वाळतं आणि एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर बायकांच्या गप्पा चालतात. म्हणजे सपाट छपरावरचं जगणं मुंबईने शोधलेलं नाही. मराठी मुलखाच्या कोरड्या भागात ते कधीपासून आहे. 'गच्ची' या शब्दातला 'गच' फारसी आहे, त्याचा अर्थ चुन्याचा गिलावा. चुन्याचा कोबा करून पाणी अडवता आलं, तेव्हा वाडेवाल्यांना ओल्या मुलखातही सपाट छप्पर परवडू लागलं. साध्या माणसाला ते परवडायला सिमेंट आणि लोखंड यावं लागलं.

मुंबईकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगतो. ती तुमच्या हक्काची आहे.

मलबार हिलवरची 'हँगिंग गार्डन' तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. म्हातारीचा बूट समोरच्या कमला नेहरू पार्कात आहे. हँगिंग गार्डन म्हणजे फिरोजशाह मेहता उद्यान रस्त्याच्या अलीकडे, कापून प्राण्यांचे आकार दिलेल्या झुडपांचं. हे उद्यान टाकीच्या छतावर आहे. १८८० च्या दशकात शहरासाठी टेकडीवर पाण्याची मोठी बंदिस्त टाकी बांधली गेली आणि तिच्या छतावर माती पसरून बाग केली. माझगावच्या भंडारवाड्यातही तेच. खाली जलाशय आणि वर आज जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या नावाचं उद्यान. मुंबईकर ज्या छपरांवर सर्वांत आधी सहकुटुंब फिरायला गेले, त्यातली ही दोन छपरं. ती बांधली तेव्हा विहार आणि तुळशीचं पाणी अपुरं पडू लागलंच होतं. १८९२ मध्ये तानसा आलं. तानसा शहापूर तालुक्यात. नंतरच्या काळात भातसा, तेही शहापूरचंच, आणि आज मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसातून जातं. तेव्हा त्या बागेत पुढच्या वेळी जाल तेव्हा पायाखालचं पाणी कोणत्या बाजूने आलं ते मुलांना जरूर सांगा. शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बायका दिसतात, तेही सांगा. आजच्या विषयाला ते सोडून आहे असं आम्हाला वाटत नाही. शहराला मोकळी जागा मिळते तेव्हा तिची किंमत कुठेतरी कोणीतरी मोजत असतं.

असो. चाळीकडे येऊ.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. दाटीच्या वस्त्या हेच रोगाचं मूळ अशी सरकारची समजूत झाली आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद करा, हवा खेळवा, जुनं पाडा, नवं बांधा. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. तीच आपली बीडीडी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून दोनशे सात चाळी. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची. काँक्रीटच्या या इमारतींनी गिरणी कामगाराच्या डोक्यावर सपाट छत आणलं. गिरगाव-परळच्या लाकडी चाळींत कौलांचा उतार होता, इथे वर चढता येत होतं.

१६० चौरस फुटांत आठ-दहा माणसं राहत असतील तर ती चढणारच. मुरबाड, शहापूर, जुन्नर, रत्नागिरी, सातारा इथून गेलेली ही माणसं. ती अंगण सोडून गेली होती. गच्चीवर त्यांनी अंगणच मांडलं. सकाळी बायका पापड, कुरडया, मिरच्या वाळत घालायच्या, दुपारी परीक्षेची पोरं सावली धरून पुस्तक घेऊन बसायची. संध्याकाळी क्रिकेट, पतंग, नाटकाची तालीम. कोजागिरीला दूध आणि वैशाखात रात्री चटया. कोण कधी वर जाणार याचं अलिखित वेळापत्रक असायचं आणि त्यात मोठा भेद होता. दिवेलागणीनंतर मुलगे वर जायचे, मुलींना खाली बोलावलं जायचं. गच्चीच्या आठवणी पुरुषांनी लिहिल्या तर त्यात चांदणं असतं. आमच्या घरातल्या बायकांना विचारलं तर त्या वाळवण सांगतात, आणि वाळवण राखताना उडवलेले कावळे. दोन्ही खरं. पण कोणाच्या वाट्याला गच्ची कोणत्या वेळी आली हे विचारल्याशिवाय तिचा इतिहास लिहू नये.

आणि दुसरा प्रश्न किल्लीचा. खाजगी चाळीत गच्चीला कुलूप असायचं आणि किल्ली मालकाकडे. मालक दुष्ट होता असं नाही, हिशेब बघा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. खोलीचं भाडं ठरलेलं, गच्चीचं भाडं शून्य. वर पन्नास पोरं नाचली, कोबा फुटला, वरच्या मजल्यावर पाणी ठिबकलं तर खर्च मालकाचा. सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे कुलूप. भाडेकरूच्या बाजूने पाहिलं तर डोक्यावर एवढी मोठी मोकळी जागा आणि आपण जिन्यात उभे. हे भांडण इतकं घरोघरचं होतं की पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ'मध्ये गच्ची मिळवण्याच्या चळवळीवर एक अख्खं प्रकरण रचलं. पुस्तक १९५८ चं. बाहेर संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात होता आणि पुलंनी त्या लढ्याची घोषणा उचलून गच्चीला लावली. वाचताना आपण पोट धरून हसतो. पण हसू येतं कशामुळे? मोठ्या लढ्याची भाषा क्षुल्लक गोष्टीला वापरली म्हणून. आमचं मत जरा निराळं आहे. ज्याच्याकडे १६० चौरस फूट आहेत त्याला गच्ची क्षुल्लक नसते.

भाडेकरूचा मालक झाला तेव्हा हे भांडण कायद्यात शिरलं. सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात आपल्याकडे लवकर झाली. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची, रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. पण मालकीच्या फ्लॅटची लाट आली स्वातंत्र्यानंतर, आणि तिच्यामागोमाग फसवणूकही. म्हणून १९६३ चा मोफा कायदा. १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा आला, त्याने सामाईक भागांच्या यादीत पाया, खांब, जिने यांच्याबरोबर छप्परही घातलं. म्हणजे कागदावर तरी किल्ली सगळ्यांची झाली. गळती लागली तर दुरुस्ती सोसायटीने करायची, फक्त वरच्या मजल्यावाल्याने नाही. हे आदर्श उपविधींत आहे, तरी आजही दर पावसाळ्यात यावरून सभा मोडतात.

मग आली एफएसआय नावाची गोष्ट, चटई क्षेत्र. साठच्या दशकात ती मुंबईच्या विकास आराखड्यात शिरली. भूखंडाच्या प्रमाणात किती बांधायचं याची मर्यादा. आकाशाला उघडी गच्ची या मोजणीत धरत नाहीत, तिच्यावर पक्कं छप्पर घातलं की धरतात. या एका नियमाने गच्ची राखली आणि तिच्यावर डोळाही ठेवायला लावला. मोजणीत नसलेली जागा म्हणजे फुकट जागा, आणि मुंबईत फुकट जागेला गिऱ्हाईक नाही असं होत नाही. कुठे 'अटॅच्ड टेरेस' म्हणून विकली, कुठे मोबाईल टॉवरला भाड्याने दिली, कुठे ताडपत्री आणि बांबू लावून हॉटेल थाटलं. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात छतावरच्या पबला आग लागली आणि १४ माणसं गेली. गच्चीवर माणसं जमवणं सोपं असतं. त्यांना खाली आणणं हा वेगळा प्रश्न, आणि उघड्या गच्चीवर आडोसे उभे राहिले की तो आणखी अवघड होतो.

इथे जरा जगाकडे पाहू, कारण गच्चीवरच्या करमणुकीचं समर्थन करणारे नेहमी परदेशाचे दाखले देतात. ल कोर्बुझिए, ज्याने आपल्या चंदीगडचा आराखडा केला, त्याने गेल्या शतकाच्या विसाव्या दशकातच सांगितलं की इमारतीने जमिनीवर जेवढी जागा खाल्ली तेवढी छपरावर परत द्यावी. फ्रान्समध्ये मार्सेय शहरात त्याची मोठी निवासी इमारत १९५२ मध्ये पूर्ण झाली. तिच्या छपरावर मुलांची शाळा, उथळ पोहण्याचा हौद आणि धावायची पट्टी आहे. सिंगापूरला डक्स्टनच्या सरकारी वसाहतीत पन्नासाव्या मजल्यावर बाग आहे. छानच आहे सगळं. पण तिथे छप्पर पहिल्या रेघेपासून माणसांसाठी आखलं. आपल्याकडे गच्ची म्हणजे इमारत संपल्यावर उरलेली जागा. भारतीय मानकाप्रमाणे ये-जा असलेल्या सपाट छतासाठी चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरतात. फूटभर ओली माती टाकलीत तर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास वजन होतं. हौसेने 'टेरेस गार्डन' करणाऱ्यांनी कुंड्या खांबा-तुळयांच्या रेषेवर ठेवाव्यात आणि इंजिनिअरला विचारल्याशिवाय माती पसरू नये. वीटबॅट कोबा, त्यावर चायना मोझॅकचे तुकडे, कडेला पाणी न मुरण्यासाठी गोलाई, हे आपल्या गच्चीचं चिलखत. त्यात मांडवाचा एक खिळा ठोकला तरी दोन पावसाळ्यांत खालच्या घराला कळतं. आमच्याच इमारतीत एका लग्नाच्या मांडवाने हे शिकवलं. लग्न सुरळीत पार पडलं, खालच्या कुटुंबाचं कपाट मात्र कुजलं.

आता मूळ मुद्दा. मुंबईत माणशी मोकळी जागा साधारण एक ते सव्वा चौरस मीटर निघते. म्हणजे एक चटईही नीट पसरत नाही. अशा शहरात गच्ची वापरू नका असं कोण म्हणेल? वापरा. पण 'गच्ची आहे ना, मग खाली कशाला?' हा युक्तिवाद आला की सावध व्हायला हवं. तो आलाच. गाड्यांसाठी पोडियम बांधायचे आणि मुलांची खेळायची जागा त्या पोडियमच्या छतावर दाखवायची, अशी पद्धत पडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर २०१३ मध्ये, कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात, न्यायालयाने सांगितलं की नियमाने ठरवलेली किमान खेळाची जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून ती कमी करता येणार नाही. आमच्या दृष्टीने गच्चीच्या इतिहासातला हा महत्त्वाचा टप्पा आहे, आणि वर्तमानपत्रांतल्या मालमत्तेच्या पुरवण्यांबाहेर त्याची चर्चा फार थोडी झाली. जमिनीवर झाड वाढतं, पाणी मुरतं, म्हातारं माणूस लिफ्ट बंद असली तरी पोचतं आणि शेजारच्या इमारतीतलं पोरही खेळायला येऊ शकतं. पोडियमवर शेजारचं पोर येत नाही. तिथे वॉचमन असतो.

मुरबाडला आता हे का सांगायचं? आकडे बघा. राज्यभरासाठी २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित नियमावलीत दहा टक्के मोकळी जागा सोडायचं बंधन आहे, पण चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीसाठी. चार हजार म्हणजे जवळजवळ चाळीस गुंठे, एक एकर. आपल्याकडे इमारती उभ्या राहतात कितीवर? आठ गुंठे, दहा गुंठे, बारा गुंठे. भावकीत वाटण्या होऊन तुकडे पडलेले, एकेक तुकडा वेगळ्या बिल्डरकडे गेलेला. अशा दहा इमारती शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या तर मिळून एकराहून कितीतरी जास्त जमीन बांधली गेली, आणि खेळायला कायद्याने एक चौरस मीटरही सुटलं नाही. कोणी नियम मोडलेला नाही. दहाही जणांचे कागद चोख असतील.

त्या इमारतींतल्या मुलांना उरते ती गच्ची. आणि तिथे आमचा पाऊस हिशेब मागतो. सपाट छत या पावसात दहा-पंधरा वर्षांत ठिबकायला लागतं, म्हणून सोसायटी लोखंडी सांगाडा करून वर पत्रा घालते. गळती थांबते, घर थंड राहतं, वाळवणही भिजत नाही. पण चांदणं गेलं, पतंग गेला, आणि बाजू बंद केल्या की हळूहळू तिथे जुनी कपाटं, मोडक्या सायकली, शिल्लक फरश्या जमतात. दार लावलं जातं, दाराला कुलूप येतं. रस्त्यावरून येताना जे निळे-हिरवे पत्रे दिसले ते हेच. उतरतं छप्पर आपल्याकडे परत आलं आहे, फरक एवढाच की या वेळी खाली अंगण नाही.

पत्रा घालू नका असं आम्ही म्हणणार नाही, वरच्या मजल्यावर राहून पाहिलेलं आहे. निम्म्या भागावर घाला, टाक्यांची बाजू झाका, निम्मा भाग उघडा ठेवा, एवढं तरी सर्वसाधारण सभेत मांडता येतं. मांडवाला खिळ्याऐवजी वाळूच्या पोत्यांचा आधार द्या. कठडा छातीइतका उंच आहे का ते मोजा. सौर पॅनेल बसवणार असाल तर आधी रांगा आखा, म्हणजे मधे चालायला वाट राहते. पण त्याहून तातडीचं काम गच्चीवर नाही, खाली आहे. मुरबाडची आता नगरपंचायत आहे, एमआयडीसी आहे, कल्याणहून रेल्वे येणार म्हणून जमिनीचे भाव चढताहेत. अजून गावात पटांगणं आहेत, तळ्याचे काठ आहेत, गावठाणालगतच्या मोकळ्या जागा आहेत. त्यांतल्या कुठल्या आराखड्यावर मैदान म्हणून लागल्यात, हे नगरपंचायतीत जाऊन नकाशावर बघता येतं. नकाशा बघायला वकील लागत नाही. मुंबईने हे काम शंभर वर्षं उशिरा केलं, आणि तोवर मैदानाऐवजी गच्चीसाठी भांडायची वेळ आली होती.

बीडीडीच्या त्या चाळी आता पाडल्या जाताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घराच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत गेलेल्या माणसांचा आनंद खरा आहे, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण चाळीची गच्ची चार जिने चढून गाठता येत होती. चाळिसाव्या मजल्याच्या वरची गच्ची कोण उघडणार, कोणासाठी, कोणत्या वेळी, हे आता त्या नव्या सोसायट्यांच्या सभांमध्ये ठरेल.

आज जिथे उतरलो आहोत त्या इमारतीच्या जिन्यात एक सूचना चिकटवली आहे. 'गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे मिळेल. लहान मुलांना मिळणार नाही.' सकाळी आम्ही किल्ली मागून वर गेलो. पूर्वेला सह्याद्रीची रांग स्वच्छ दिसत होती. टाकीच्या मागे कोणीतरी खडूने स्टंप काढलेले होते.

प्रश्न असतील तर विचारा.